घर हलवताना पॅकिंगचं सामान किती लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात बदलीची नोकरी आहे. २१ वर्षांत सात बिऱ्हाडं झाली: चिपळूण, सांगली, नांदेड, सोलापूर, नाशिक आणि पुण्यात दोनदा. त्यामुळे ओळखीत कुणाची बदली झाली किंवा कुणी नवीन फ्लॅट घेतला, की फोन माझ्याकडे येतो आणि प्रश्न बहुधा तेच असतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हिशेब महाराष्ट्रातल्या साध्या दोन बेडरूमच्या, चार माणसांच्या घराचा आहे. तुमचं घर लहान-मोठं असेल त्याप्रमाणे आकडे कमी-जास्त करून घ्या.

खोकी किती लागतील? टू बीएचकेला किती, असा काही ठोकळ आकडा नाही का?

नाही, आणि तसा आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. एकाच सोसायटीत, एकाच मापाच्या दोन फ्लॅटपैकी एकातून २५ खोकी निघतात, दुसऱ्यातून ६०. खोल्या सारख्या असतात, पण माळे सारखे नसतात.

मी फळ्या मोजते. आपल्याकडची कपाटं, मांडण्या, ओट्याखालचे कप्पे यांची एक फळी साधारण तीन फूट लांब असते. तीच मोजपट्टी धरायची. फळी याहून लांब किंवा आखूड असेल तर त्या प्रमाणात हिशेब करायचा.

पुस्तकांची तीन फुटांची एक फळी म्हणजे एक लहान खोकं. स्वयंपाकघरातली एक फळी म्हणजे एक मध्यम खोकं. घडी केलेल्या कपड्यांची एक भरलेली फळी म्हणजे एक मोठं खोकं, किंवा जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं.

माळ्याचं मात्र असं मोजमाप होत नाही. माळ्यावरचं सगळं एकदा खाली उतरवायचंच. दिवाळीचे कंदील, गणपतीचं मखर, मुलांच्या पाळण्याच्या दांड्या, फुटक्या बादलीत ठेवलेल्या दुसऱ्या फुटक्या बादल्या हे सगळं जमिनीवर मांडल्याशिवाय अंदाज येत नाही. अर्धं तिथेच निकाली निघतं.

नाशिकच्या घराचा माझ्या वहीतला हिशेब देते. पुस्तकं आणि मुलांच्या वह्या यांची १२ लहान खोकी. हत्यारं, औषधं, बरण्या अशा जड किंवा जपायच्या वस्तूंची आणखी ४. स्वयंपाकघराच्या ९ फळ्या म्हणजे ९ मध्यम खोकी, माळ्याची ५, हॉल आणि शोकेसची ३, खेळणी ३, चपला आणि न्हाणीघर मिळून २. कपडे, रजया, उशा यांची ७ मोठी. एकूण झाली ४५. त्यावर दहा टक्के जास्त धरून ५० आणली आणि शेवटच्या दिवशी तीन रिकामी उरली.

खोक्यांची मापं कोणती घ्यावीत?

आपल्याकडे खोकी इंचांत विकतात. लहान १८ × १२ × १२, मध्यम १८ × १८ × १८ आणि मोठं २४ × १८ × १८. घनफुटात सांगायचं तर अनुक्रमे दीड, साधारण ३.४ आणि साडेचार. दुकानात याच्या जवळपासचं कुठलंही माप मिळालं तरी चालेल. तीन वेगवेगळी मापं असणं महत्त्वाचं.

कारण वजन. साध्या डेमी (नेहमीच्या कादंबरीच्या) आकाराची पुस्तकं फळीवर उभी लावली तर एका फुटाला साधारण सहा किलो भरतात. हवं तर घरच्या वजनकाट्यावर करून बघा. तीन फूट पुस्तकं लहान खोक्यात घातली की १८ किलो होतात, आणि एका माणसाला जिना उतरायला तेवढं पुरे. तीच पुस्तकं "जागा आहे ना" म्हणून मध्यम खोक्यात भरत गेलात तर वजन ४० किलोंच्या वर जातं.

ही चूक मी सांगलीत केली होती. मध्यम खोकं पुस्तकांनी गच्च भरलं, खाली टेपची एकच पट्टी लावली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खोक्याचा तळ सुटला. पुस्तकं गेली त्याचं काही नाही, ती गोळा करता येतात. पण ज्या हमाल दादांच्या पाठीवर ते खोकं होतं, त्यांचा तोल गेला आणि ते कठड्याला धरून कसेबसे सावरले. तेव्हापासून माझ्या घरातून २० किलोंच्या वरचं खोकं बाहेर पडत नाही. सामान आपलं असतं, पाठ दुसऱ्याची असते.

किराणा दुकानातली जुनी खोकी चालतील का?

काही चालतात. बिस्किटांची, वेफर्सची खोकी तीन थरांच्या पातळ पुठ्ठ्याची असतात. त्यांत उशा, खेळणी, प्लॅस्टिकचे डबे घाला. तेलाच्या पिशव्यांची खोकी मजबूत असतात, पण तळाला तेल लागलेलं नाही ना हे हात फिरवून बघा. सफरचंदाची खोकी चांगली, फक्त हात घालायची भोकं आतून पुठ्ठ्याने बंद करा. औषधांच्या दुकानातली खोकी सगळ्यांत स्वच्छ, कागदपत्रांना आणि लहान काचसामानाला उत्तम.

पुस्तकं, भांडी आणि काच यांच्यासाठी मात्र पाच थरांची नवी खोकी विकत घ्या. दुकानदार "फाइव्ह प्लाय" म्हणतात. पुठ्ठ्याची कड बघितली की नागमोडी कागदाचे दोन थर दिसतात, तीन थरांच्या खोक्यात एकच दिसतो. सात थरांचं घरगुती सामानाला सहसा लागत नाही.

जुनी खोकी घरात आणण्याआधी उन्हात ठेवा. झुरळांची अंडी पुठ्ठ्याच्या घडीत बसून येतात आणि नव्या घरात तुमच्या आधी मुक्काम टाकतात.

टेपचे रोल किती आणू?

५० खोक्यांना पाच. हिशेब सांगते, म्हणजे तुमचा तुम्हाला करता येईल.

खोक्याचा तळ बंद करताना मधल्या फटीवर टेपची पट्टी दोनदा ओढायची आणि दोन्ही टोकांना तीन-तीन इंच खाली उतरवायची. मग दोन्ही आखूड कडांवर एकेक आडवी पट्टी. वरून पाहिलं तर एक उभी आणि दोन आडव्या पट्ट्या दिसतात. वरचं तोंड बंद करताना मधली पट्टी एकदाच, कडांवर पुन्हा तशाच आडव्या पट्ट्या. लहान खोक्याला असे साडेतीन मीटर लागतात, मध्यमला चार. सरासरी चार धरा. ५० खोक्यांना २०० मीटर, म्हणजे ६५ मीटरचे तीन रोल संपून चौथ्याला हात लागतो. पाचवा गाद्या, कपाटांची दारं आणि गाठोड्यांसाठी.

टेप दोन इंची, तपकिरी. घेताना रोलवरचे मीटर वाचा. स्वस्त रोलमध्ये आतली पुठ्ठ्याची नळी जाड आणि टेप थोडी असते, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. टेप कापायचा हातातला कटर नक्की घ्या. दाताने टेप तोडत ५० खोकी होत नाहीत, आणि टोक शोधण्यातच अर्धी दुपार जाते.

बबल रॅप आणावाच लागतो का?

थोडा. २५ मीटर पुरतो. तो मीटरवर सुटाही मिळतो, अख्खा १०० मीटरचा रोल घ्यायची गरज नाही. टीव्ही, आरसा, काचेच्या फ्रेम, शोकेसच्या काचा आणि मिक्सरचं मुख्य यंत्र यांना तो लागतो. ४३ इंची टीव्हीला दोन वेढे द्यायचे तर साधारण पाच मीटर जातात. टीव्हीला आधी मऊ सुती चादर आणि मग बबल रॅप. पॉलिश केलेल्या लाकडालाही तसंच करा. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये फुगे थेट पॉलिशवर चिकटून राहिले तर गोल डाग पडतात.

बाकी सगळ्याला घरातलंच कापड वापरा. रजई, टॉवेल, बेडशीट, जुन्या सुती साड्या हे सगळं तसंही न्यायचंच आहे. मग ते खोक्यात वेगळी जागा का अडवून बसेल? नऊवारी साडीसारखं भांडी गुंडाळायचं कापड दुसरं नाही. एका साडीत अख्खा डिनर सेट बसतो: एक ताट, एक घडी, पुन्हा ताट, पुन्हा घडी. माझ्या आजेसासूबाईंची एक निळी साडी सात बिऱ्हाडं हेच काम करते आहे.

वर्तमानपत्राची रद्दी किती जमवू?

आठ ते दहा किलो. वर्तमानपत्राचा एक पूर्ण उघडा ताव साधारण १६-१७ ग्रॅमचा असतो, म्हणजे किलोत ६० ताव. काचेच्या किंवा चिनी मातीच्या एका वस्तूला दोन ताव धरा: एक गुंडाळायला, एक आत कोंबायला. अशा १०० वस्तू म्हणजे २०० ताव, सव्वातीन-साडेतीन किलो. उरलेली रद्दी खोक्यांच्या तळाला आणि कोपऱ्यांत चुरगाळून भरायला लागते. बदलीची कुणकुण लागली की रद्दी देणं थांबवा. उशीर झाला असेल तर रद्दीवाला किलोवर आनंदाने विकतो.

पांढऱ्या कपड्यांना वर्तमानपत्र लावू नका, शाई उतरते. भांड्यांवरची शाई धुतली की जाते.

स्वयंपाकघर कसं भरायचं? तिथे हातच चालत नाही.

सगळ्यांचं तिथेच अडतं. म्हणून स्वयंपाकघराला दोन पूर्ण दिवस ठेवा आणि रोजच्या वापरात नसलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा: पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, मोठी पातेली, पाहुण्यांची ताटं.

स्टीलचे डबे म्हणजे आयती खोकी. ते रिकामे न्यायचे नाहीत. मोठ्या डब्यात लहान डबा, त्यात वाट्या, वाट्यांच्या मध्ये चमचे आणि फटीत हातपुसणी. डाळ-तांदूळ असलेला डबा अर्ध्याहून जास्त भरलेला असेल तर तसाच जाऊ द्या, फक्त झाकणाभोवती टेपचे दोन वेढे. थेट स्टीलवर टेप लावली की चिकटपणा राहतो, म्हणून आधी कागदाची पट्टी आणि वरून टेप. नंतर खोबरेल तेलाचा हात फिरवलात तरी डाग निघतो, पण ४० डब्यांना कोण फिरवणार!

ताटं आणि बशा आडव्या रचू नका, उभ्या लावा, जशा भांड्यांच्या स्टँडमध्ये असतात. आडव्या रचल्या की सगळ्या वरच्यांचा भार खालच्या एकीवर येतो आणि एका खड्ड्यात तळाच्या दोन जातात. उभी बशी धक्का कडेवर घेते. कपांच्या कानांना वेगळा कागद गुंडाळा. फुटतात ते कानच.

मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांवर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा आणि मग झाकण लावा. नाहीतर नव्या घरी हळद, तिखट, मोहरी, जिरं यांचा एकच मसाला मिळतो. तेल, तूप, काकवी प्लॅस्टिकच्या बरणीत ओतून घ्या, तोंडावर प्लॅस्टिक, त्यावर झाकण, आणि बरण्या बादलीत उभ्या ठेवा. बादली कधी आडवी ठेवली जात नाही, खोकं ठेवलं जातं.

लोणच्याचं मला मनापासून सांगायचं आहे. सोलापूरहून नाशिकला जाताना कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी मी खोक्यात नीट कापड लावून बसवली होती. खोक्यावर बाणही काढला होता. ट्रकमध्ये कुणीतरी ते खोकं आडवं ठेवलं. तेल पाझरलं आणि खालच्या खोक्यातल्या, वडिलांनी जपून ठेवलेल्या २६ दिवाळी अंकांत उतरलं. ते अंक अजून माझ्याकडे आहेत, पानं पारदर्शक झाली आहेत आणि उघडलं की मेथी-हिंगाचा वास येतो. तेव्हापासून लोणचं आणि मुरांबा मी ट्रकमध्ये देत नाही. झाकण घट्ट लागणाऱ्या बरणीत काढून पायाशी घेऊन बसते. रिकामी चिनी मातीची बरणी धुऊन, वाळवून, आत कापड कोंबून लहान खोक्यात एकटी जाते.

पाटा-वरवंटा, खलबत्ता, जातं खोक्यात घालू नका. गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळा. वरवंटा पाट्यावर ठेवून बांधू नका, तो सुटला की घरंगळतो. गाडीत हे सगळ्यांत खाली, पुढच्या बाजूला.

कपडे कपाटातच राहू दिले तर?

लोखंडी कपाट कपड्यांसकट उचलायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. भरलेलं कपाट तिरकं झालं की दाराच्या बिजागऱ्या वाकतात आणि मग दार आयुष्यभर कुरकुरतं. लाकडी कपाटांचं तर तळच सुटतं. लॉकर तर रिकामा हवाच. किल्ली कपाटाला बांधू नका, तुमच्या पर्समध्ये ठेवा.

पैठणी आणि इतर जरीच्या साड्या मलमलच्या कापडात गुंडाळून सुटकेसमध्ये, शक्यतो तुमच्यासोबत. बाकी कपड्यांना घरातल्या सगळ्या बॅगा आणि ट्रंका आधी वापरा. चाकांच्या बॅगेत पुस्तकंही चालतात.

फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांचं काय करायचं?

फ्रिज आदल्या दिवशी सकाळीच बंद करून दार उघडं ठेवा. बर्फ वितळून, पाणी पुसून तो पूर्ण कोरडा व्हायला तेवढा वेळ लागतो. काचेचे आणि प्लॅस्टिकचे ट्रे काढून वेगळे गुंडाळा. फ्रिज गाडीत उभाच जाऊ द्या. पोहोचल्यावर लगेच चालू करू नका, तीन-चार तास तसाच उभा राहू द्या, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसतं.

समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागे बोल्ट लावायला भोकं असतात. मशीन नवीन आलं तेव्हा ड्रम आवळणारे बोल्ट सोबत आलेले असतात. शोधून पुन्हा लावा. ते न लावता लांबचा प्रवास झाला की ड्रमचे स्प्रिंग मार खातात. वरून झाकण असलेल्या मशीनचा ड्रम टॉवेल कोंबून घट्ट करा आणि नळीतलं पाणी उतरवून घ्या.

स्प्लिट एसी तंत्रज्ञाकडूनच काढून घ्या. तो गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून वाल्व बंद करतो. नुसत्या नळ्या कापल्या तर गॅस हवेत जातो आणि नव्या जागी पुन्हा भरावा लागतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असतं. ती उभीच न्यायची आणि कपड्यांजवळ ठेवायची नाही.

टीव्ही, राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढा. पलंग, टेबल यांचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्याच फर्निचरच्या फळीला टेपने चिकटवा. "सगळे स्क्रू एका डब्यात" ही पद्धत वापरली की नव्या घरी पहिल्या रात्री सगळे जमिनीवर झोपतात.

गॅस सिलिंडर सोबत नेता येतो का?

भरलेला सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये ठेवायचा नाही, बंद गाडीत तर मुळीच नाही. दुसऱ्या गावी जात असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करा, अनामत रक्कम परत घ्या आणि जोडणी बदलीचं व्हाउचर घ्या. नव्या गावात त्या व्हाउचरवर जोडणी मिळते, अनामत तिथल्या चालू दराने भरावी लागते. जोडणी घेतानाचा मूळ कागद लागतो, तो आधी शोधून ठेवा. त्याच शहरात दुसऱ्या वितरकाकडे जात असाल तर सहसा सिलिंडर परत न करता फक्त नोंद बदलते. शेगडी मात्र तुमचीच. ती दोन दिवस आधी घासून, बर्नर काढून वेगळे बांधा.

गाडी किती मोठी सांगू?

छोट्या हत्तीचा (टाटा एस टेम्पोचा) हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच-पाच फूट रुंद असतो. साडेपाच फूट उंचीपर्यंत रचलं तर १८५-१९० घनफूट सामान बसतं. पण त्याची वजनाची मर्यादा पाऊण टनाच्या आसपास असते. पुस्तकं आणि लोखंडी कपाटं जास्त असतील तर जागा उरलेली दिसते आणि वजन संपलेलं असतं.

आमची सगळी ५० खोकी भरली असती तरी जेमतेम १४५ घनफूट झाले असते. खरी जागा फर्निचर खातं. लोखंडी कपाट ३०, फ्रिज २०, वॉशिंग मशीन १२, तीन जणांचा सोफा ४५ ते ५०, सुटा केलेला पलंग आणि गादी मिळून ४०. दुसरा पलंग, दुसरं कपाट, टेबल-खुर्च्या, कुंड्या धरल्या की एकूण ४०० च्या पुढे जातं. म्हणजे त्याच शहरात छोट्या हत्तीच्या दोन-तीन फेऱ्या, किंवा १४ फुटी ट्रक एकदाच. दुसऱ्या गावी जाताना १४ फुटीच घ्या. एकाच खेपेत सगळं नजरेसमोर राहतं.

पॅकर्सवाल्यांशी बोलताना काय पक्कं करायचं?

घर बघितल्याशिवाय फोनवर दिलेला दर मानू नका. त्यांचा माणूस घरी येऊ दे आणि त्याला माळाही दाखवा. दरात काय-काय आहे ते कागदावर घ्या: खोकी आणि टेप, भरणं, चढवणं-उतरवणं, किती मजले, पलंग जोडून देणं, टोल, कर. जिन्याचे पैसे वेगळे असतील तर आजच कळू देत.

विम्याच्या नावाने टक्केवारी घेतात. त्यावर विमा कंपनीची पॉलिसी मिळणार का, हे विचारा. पॉलिसी नसेल तर ती नुसती त्यांची जबाबदारीची रक्कम आहे आणि नुकसान झाल्यावर बोलणं अवघड जातं. आमच्या एका बदलीत कपाटाची आरशाची काच फुटली. त्या लोकांनी पावतीवर "विमा" लिहून पैसे घेतले होते, पण मागे पॉलिसी नव्हतीच. आम्हाला एक रुपया मिळाला नाही.

वाटेत "ई-वे बिलाचे" (मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीचे) म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर लक्षात ठेवा, वापरलेलं वैयक्तिक आणि घरगुती सामान जीएसटीच्या नियम १३८ मधल्या यादीप्रमाणे ई-वे बिलातून वगळलेलं आहे. सामानाची सही केलेली यादी आणि बदलीच्या आदेशाची प्रत ड्रायव्हरकडे द्या, तेवढं पुरतं.

खोकी कुणीही भरू दे, मोजणी तुम्हीच करा.

खोक्यांवर काय लिहायचं?

क्रमांक, आणि नव्या घरातली खोली. बस. "दागिने", "चांदीची भांडी" असलं कधीही लिहू नका. आत काय आहे ते वहीत: "१७, स्वयंपाकघर, कुकर, कढया, पोळपाट". क्रमांक वरच्या बाजूला न लिहिता दोन बाजूंवर लिहा, एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. खोकी गाडीत चढताना वहीत एक खूण, उतरताना दुसरी. ही वही मुलांकडे द्या. माझ्या मुलीने नांदेडला आठव्या वर्षी हे काम केलं आणि ३१ नंबरचं खोकं गाडीच्या कोपऱ्यात राहिलं आहे, हे तिनेच ओरडून सांगितलं.

पावसाळ्यात हलवावं लागलं तर?

शक्य असेल तर टाळा. नसेल तर प्रत्येक खोक्यात आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळलं तर पाणी तळाशी साठतं आणि पुठ्ठा खालून विरघळतो. ओलसर पुठ्ठ्याची निम्मी ताकद गेलेली असते, म्हणून कोकणात खोकी भरून आठवडाभर जमिनीवर ठेवू नका, फळ्यांवर ठेवा. ट्रक बंद हौद्याचा सांगा. उघडा असेल तर ताडपत्री दोन घ्या, एक खाली आणि एक वर. ट्रकवाल्याची ताडपत्री भोकांची असते असं धरूनच चला.

तयारी किती दिवस आधी सुरू करू?

एक महिना आधी. सरकारी नोकरीत असाल तर २००५ च्या बदली कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, आणि जूनच्या मध्यापासून शाळा उघडतात. त्यामुळे मे महिन्यात सगळ्या महाराष्ट्राला एकदमच ट्रक हवा असतो. आदेश हातात येईपर्यंत थांबू नका, निदान चौकशी करून ठेवा.

पहिले दोन आठवडे फक्त काढून टाकण्याचे. माळा, औषधांचा डबा, लहान झालेले कपडे. न नेलेल्या प्रत्येक वस्तूचं खोकं, टेप, हमाली आणि भाडं वाचतं. तिसऱ्या आठवड्यात पुस्तकं आणि माळ्यावरचं. शाळा सोडल्याचा दाखला, बँक, गॅस यांची कामंही तेव्हाच. सोसायटीच्या ऑफिसात तारीख कळवा आणि सामानाला लिफ्ट मिळणार का, कोणत्या वेळेत, ते विचारा. आमच्या आत्ताच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार लिफ्टमधून सामान नेऊ देत नाहीत. हे ट्रक दारात आल्यावर कळलं असतं तर दोन तासांचे पैसे गेले असते. शेवटच्या आठवड्यात कपडे आणि स्वयंपाकघर.

काय सोबत न्यायचं, ट्रकमध्ये द्यायचंच नाही?

दागिने, रोकड, सगळी मूळ कागदपत्रं, औषधं, चष्मे, चार्जर, लॅपटॉप. देव. आमच्याकडे देव लाल कापडात, तबकात घालून सासूबाईंच्या मांडीवर असायचे. आता त्या नाहीत, माझ्या मांडीवर असतात. कुलदेवतेचा टाक लहान असतो, खोक्यात गेला तर तीन दिवस सापडत नाही आणि घरातल्या मोठ्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

तुळस कुंडीसकट न्यायची असेल तर दोन दिवस आधी पाणी कमी करा, माती घट्ट राहते. मंजिऱ्या कोरड्या ठेवा आणि हवा लागू द्या.

पहिल्या रात्रीची तयारी?

एक बादली वेगळी काढा, तिच्यावर क्रमांक घालू नका. तीत कात्री, सुरी, टेप, बॅटरी, एक बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, साबण, टॉवेल, झाडू, फडकं, टॉयलेटचं सामान. दुसऱ्या पिशवीत एक पातेलं, गाळणी, चहा-साखर, चार कप, मीठ, पोहे, थोडं तेल आणि काडेपेटी. बऱ्याच घरांत पहिल्यांदा पाण्याचा कलश आणि मीठ घेऊन आत जातात आणि दूध उतू घालवतात. तेव्हा दुधाचं पातेलं याच पिशवीत हवं, १७ नंबरच्या खोक्यात नको. गॅस लागेपर्यंत शेजाऱ्यांकडे दूध तापवायला मागायला संकोच करू नका. आमची तीन गावांतली मैत्री अशीच सुरू झाली.

उरलेल्या खोक्यांचं काय करू?

टेप कापून सपाट करा आणि पलंगाखाली ठेवा. टीव्ही आणि मिक्सरची मूळ खोकी थर्माकोलसकट जपा. बाकीची सोसायटीच्या ग्रुपवर टाका, दोन दिवसांत कुणीतरी घेऊन जातं. माझ्या पाच थरांच्या खोक्यांपैकी ११ आत्ता शेजारच्या इमारतीत नव्याने आलेल्या एका जोडप्याकडे आहेत. त्यांची बदली पुढच्या वर्षी आहे.